गोल पंगतीचे सर

सर वेडे होते असं म्हणणाऱ्यांशी मी पुष्कळ भांडले. आता सर नाहीत, तर तीच माणसं त्यांना देवमाणूस म्हणतात. त्यांच्याशीही भांडते. देवमाणूस कसला? बाईच्या घरी जेवायला बसून तिच्या भाकरीला सुतळी लावणारा माणूस देव नसतो. मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा माझ्या नवऱ्याचाही कधी आला नाही, आणि माझा नवरा काही साधा माणूस नव्हता.

मी चौथी शिकलेली. आमच्या गावच्या मराठी शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करायची. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडं. पलीकडं महाराष्ट्र. आमच्याकडं साहेब तेलुगूत बोलतात, व्यापारी हिंदीत, आणि आम्ही आपलं आमच्यात. सर मुधोळच्या बाजूचे, शेतकरी घरातले. गणित शिकवायला आले आणि रिटायर होईपर्यंत इथंच राहिले. बायको तिकडंच. एकदा ती इकडं आली होती, तेव्हा मी तिला विचारलं, "बाई, तुमी काऊन नाही राहात इथं?" ती म्हणाली, "मावशी, घरात असले का हे माझ्या बांगड्या काढून पाटीवर ठेवतात आणि त्याच्याभवती रेघा ओढतात. हात सुना करून किती दिवस बसू?"

खोटं नव्हतं ते. सरांच्या खिशात एक हिरवी प्लास्टिकची बांगडी कायम असायची. दुसऱ्या खिशात सुतळीचं गुंडाळं आणि खडू. या तीन वस्तूंवर त्यांचा संसार. जिथं गोल दिसेल तिथं थांबायचे. टोपलं, परात, चाळणी, जात्याचं पाळं, विहिरीचं तोंड, बैलगाडीचं चाक. थांबायचे आणि सुतळी लावायचे. आडवी एकदा, भोवताली एकदा. मग बोटानं मोजायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "तीनदा, आणि वर थोडं." माझ्या भाताच्या पातेल्याला कितीदा सुतळी लावली असेल. मी म्हणायची, "सर, काल मोजलं होतं ना? रातून वाढलं का?"

"वाढलं नाही मावशी. पण पाहा, लहान वाटी घ्या का मोठी विहीर घ्या, तीनदा आणि वर थोडं. कोनाचीबी असो."

"मग माहीत असून काऊन मोजता?"

"मजा वाटते."

माझी चूल पेटत नसायची, तांदळात खडे निघायचे, डाळीला उकळी यायची, आणि यांना मजा वाटायची.

भाकरीचं सांगते. एकदा त्यांना ताप होता, हॉटेल बंद, म्हणून मी घरी बोलावलं. ज्वारीची गरम भाकरी वाढली. तोंडात घास घालायच्या आधी सुतळी काढली.

"मावशी, ही इकडून फुगली."

"फुगली म्हणजे चांगली झाली."

"तसं नाही. मधातून काठापर्यंत सगळीकडं सारखंच अंतर पायजे. तेव्हा तो गोल. इकडं पाहा, भाकर सुतळीच्या भाईर जाऊन राह्यली."

"सर, पोटात गेल्यावर ती तिकोनी होते का चौकोनी होते, कोन पाहाते? खा ना चुपचाप."

त्यांनी खाल्ली. आधी तेवढा बाहेर आलेला तुकडा तोडून खाल्ला, उरलेली गोल झाल्यावर तिच्याकडं समाधानानं बघितलं, मग ती खाल्ली. माझी लेक पदर तोंडात कोंबून हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. भाकरी थापायला मला कोणाकडून शिकायची गरज नव्हती.

सायकलचंही तसंच. मागच्या चाकाला जराशी आऊट आली, चाक फिरताना लपलप करायला लागलं. दुसरा माणूस तशीच वर्षभर चालवतो. यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि मंडलाच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, गावापर्यंत चालत गेले, आऊट काढून आणायला. रस्त्यानं लोक ओरडायचे, "काय सर, सायकल तुमच्यावर बसून राह्यली काय?" हे त्यांना समजावून सांगायचे, की चाक गोल नसेल तर त्याच्यावर बसणं म्हणजे त्याचा अपमान आहे. चाकाचा अपमान! आमच्याकडं माणसाच्या अपमानाला कोणी विचारत नाही.

शाळेच्या आवारात जमिनीतली पाण्याची टाकी आहे. तिच्यावर पत्र्याचं चौकोनी झाकण होतं. सर हेडसरांच्या मागं लागले, हे बदला, चौकोनी झाकण तिरपं झालं की आत पडतं, खाली टाकी धुवायला कोणी उतरलं असलं तर मरेल. गोल झाकण कसंही धरा, आत जात नाही. हेडसर म्हणाले, "झाकण झाकणच असतं, सर. सरकारनं दिलं ते ठेवा." सरांनी झाकण उचललं, कोपऱ्यावर उभं धरलं आणि हेडसरांच्या डोळ्यांसमोर टाकीत सोडून दिलं. हेडसरांची इस्त्रीची पँट भिजली. मग गोल झाकण आलं. सरांचं खरं झालं, ठीक आहे. पण टाकीत गंजका पत्रा पडला म्हणून ती उपसून धुईपर्यंत पाणी हापशीवरून कोणी आणलं? मीच आणलं ना. सरांच्या प्रत्येक गोलाचं ओझं कोणाच्या तरी डोक्यावर जायचं, आणि ते डोकं बहुतेक माझं असायचं.

आता मशीन आली. तेव्हा एखाद्याच्या शेतात अजून बैलांनी ज्वारी मळत. सर सगळा वर्ग घेऊन खळ्यावर गेले. पाण्याची कळशी घेऊन मीही मागं. मधात मेढ रोवलेली, तिला दावं, दाव्याला ओळीनं बैल. सरांनी पोरांना विचारलं, "मेढीजवळ म्हातारा बैल काऊन बांधला?" मग तेच म्हणाले, "सगळे बैल बरोबर फिरतात, फेरा एकच. पण आतल्याला थोडं चालावं लागते, भाईरच्याले जास्त. जेवढा मेढीपासून दूर, तेवढी पायपीट जास्त."

मी म्हटलं, "हे मले नोका शिकवू सर. भाईरचा बैल आमीच."

सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं नाही. खरंच सांगते, कळलं नाही. ते म्हणाले, "नाही मावशी, बैलाचं सांगून राह्यलो मी."

हा माणूस असा होता. म्हणून जेव्हा लोक म्हणतात की सरांनी तुमच्या समाजासाठी केलं, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यांनी आमच्यासाठी काही केलं नाही. त्यांनी गोलासाठी केलं. मधात आम्ही होतो, एवढंच.

पंगतीचं सांगते म्हणजे समजेल.

आम्ही बौद्ध. गावातले काही लोक अजून जुन्याच नावानं बोलतात, तोंडावर नाही, पाठ फिरली की. बचत गटाच्या नावावर मला शाळेच्या स्वयंपाकाचं काम मिळालं तेव्हाच वरच्या आळीत कुरकुर झाली. शाळा कमिटीचा अध्यक्ष वरच्या आळीचा. तो मला "ए बुडे" म्हणायचा. तेव्हा माझे केसही पुरते पिकले नव्हते. पण सरकारचा नियम होता, म्हणून उघड कोणी बोललं नाही. त्यांनी दुसरी सोय केली. व्हरांड्यात पोरं ओळीनं बसायची. हेडसरांच्या खोलीकडून वरच्या आळीची पोरं, मग मधली, आणि मोरीच्या बाजूला आमची. वाढायचं हेडसरांच्या खोलीकडून. ज्या दिवशी अंडी असायची त्या दिवशी पुढं अख्खी अंडी जायची, शेवटी पोचेपर्यंत टोपलीत फुटकी उरायची. माझ्या हातानं मी माझ्याच नातवाच्या ताटात फुटकं अंडं टाकायची. एकदा टोपली उलटी फिरवून मोरीकडून सुरू केलं, तर अध्यक्ष संध्याकाळी माझ्या दारात. "ए बुडे, काम करायचं हाय का नाही?"

मग एक दिवस सर वर्तुळाचा धडा शिकवायला पोरांना मैदानात घेऊन गेले. मधात खुंटी ठोकली, सुतळी बांधली, चुन्याची फक्की टाकत मोठा गोल काढला आणि पोरांना त्या रेघेवर बसवलं. इकडं जेवणाची घंटा झाली. पोरं उठायला लागली, तर सर ओरडले, "बसा! अजून त्रिज्या झाली नाही. इथंच जेवा." आणि मला म्हणतात, "मावशी, पातेलं मधात आणा."

"पातेलं काय देव हाय, मधात मांडाले? उन्हात कोन नेते?"

"मधातून सगळ्यांले सारखंच अंतर पडते. तुमाले कमी चालावं लागन."

शिव्या घालतच मी पातेलं नेलं. मधात उभी राहिले आणि बघितलं, तर कोणापासून सुरू करावं तेच समजेना. पहिला कोण? शेवटचा कोण? वरच्या आळीचं पोरगं आमच्या पोराला खेटून बसलेलं, कारण सरांनी त्यांना उंचीनं बसवलं होतं. पोरांना ते कळलंही नव्हतं. त्यांना वाटलं खेळ आहे. ज्यानं ताट पुढं केलं त्याला वाढलं. अंडी ज्याला जशी आली तशी आली. फुटकं अंडं त्या दिवशी अध्यक्षाच्या नातीच्या ताटात गेलं, आणि तिनं ते मुकाट खाल्लं.

दुसऱ्या दिवशीही सरांनी पोरांना गोलच बसवलं. तिसऱ्याही. त्यांचा धडा काही संपेना.

वरच्या आळीला समजायला वेळ लागला नाही. त्यांची पोरं घरून डबे आणायला लागली. "मावशीचं खाऊ नोको म्हणते आई," एका पोरीनं मला सरळच सांगितलं. तिचा राग आला नाही. आईचा आला. डबेवाली पोरं गोलातून उठून भिंतीजवळ बसली. गोलात जागोजाग फटी पडल्या. मला वाटलं आता सर बोलतील, त्यांच्या घरी जाऊन भांडतील. ते बसले डोकं खाजवत, फटीकडं बघत. मग पोरांना म्हणाले, "सरका आत. सगळे दोन-दोन पाऊल आत सरका." पोरं सरकली. फटी बुजल्या.

"पाहा मावशी," सर खूश होऊन म्हणाले, "गोल मोडला नाही. लहान झाला फक्त."

"आणि गेले त्यांचं काय?"

"ते भाईर."

बस, एवढंच. पण ते बाहेर बसणं पोरांना सोसलं नाही. व्हरांड्यात ओळ होती तेव्हा प्रत्येकाला सगळं दिसायचं. इथं भिंतीजवळून त्यांना नुसत्या पाठी दिसायच्या, आणि पाठींच्या आत हसणं ऐकू यायचं. चार घास डब्यातले खाऊन एकेक पोरगं हळूच यायचं, दोघांच्या मधात घुसायचं. अध्यक्षाची नातही आली. शेवटी डबे तसेच भरलेले घरी जायला लागले, आणि मग आळीत आग लागली.

सर अध्यक्षाच्याच घरात भाड्यानं राहात होते. त्यानं त्यांचा बिछाना आणि पेटी रस्त्यावर ठेवली. सर आमच्या विहाराशेजारच्या खोलीत आले. इथं तरी गप्प बसतील? विहाराच्या भिंतीवर पेंटरनं धम्मचक्र काढलं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी म्हटलं, आरे बरोबर पडले नाहीत, एक फाक मोठी, एक बारीक. शिडी लावून चढले. आमच्या बाया खाली धावल्या, "सर, उतरा, आमच्या चक्राले हात नोका लावू!" सर वरून सांगतात, "जेवढी सुतळी धरून गोल काढला तेवढीच सुतळी काठावर लावत गेलं तर बरोबर सहा ठिकाणी लागते. मंग त्याचे अर्धे-अर्धे करा. चोवीस येतात." चोवीस बरोबर आले. आता ते चक्र बघायला चांगलं दिसतं, मी नाकारत नाही. पण ज्यानं घराबाहेर काढलं त्याला एक शब्द बोलायचा नाही, आणि आमच्या भिंतीवर चढून आमच्या पेंटरच्या चुका काढायच्या, हे कोणतं शहाणपण?

तक्रार मंडलाच्या शिक्षण साहेबांकडं गेली. तक्रारीत माझी जात कोणी लिहिली नाही. तेवढी अक्कल असते लोकांना. गोल पंगतीला जागा जास्त लागते, पोरं उन्हात बसतात, स्वयंपाक बरोबर होत नाही, असं सगळं. साहेब जीप घेऊन आले. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदी बोलायचे. सरांनी त्यांना मैदानात नेलं. एकच दोरी घेतली, तिची दोन्ही टोकं बांधली. आधी ती लांबट पसरून व्हरांड्यासारखी पट्टी केली आणि आत पोरं उभी केली. मग तीच दोरी चौकोनी करून. मग गोल. गोलात सगळ्यात जास्त पोरं मावली. सर घामाघूम होऊन सांगत होते, "साब, दोरी वहीच है. इससे ज्यादा जगह किसी आकार में नहीं आती." साहेबांना फार आवडलं. त्यांनी फोटो काढले. टाळ्या झाल्या. अध्यक्षानंही वाजवल्या.

मी चुलीपाशी होते. संध्याकाळी सर माझ्या घरी आले, हातात पेढ्याचा पुडा.

"मावशी, गोल मंजूर झाला! साहेब म्हणाले दुसऱ्या शाळेतबी करा."

मी तोवर ऐकलं होतं. हेडसरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं. साहेबांनी दोन्ही बाजूंचं मन राखलं होतं. पंगत सरांच्या मनासारखी गोल राहील, आणि पालकांच्या मनासारखी स्वयंपाकीण बदलेल. वरच्या आळीच्या गटाची बाई दुसऱ्या दिवसापासून येणार होती.

"सर, तुमचा गोल ऱ्हायला. मी गेले," मी म्हटलं. "हे तुमाले माहीत नोतं?"

"सायबानं काही तरी म्हटलं शेवटी... मी दोरी गुंडाळत होतो."

दोरी गुंडाळत होते! पेढ्याचा पुडा मी अंगणात फेकला. मला जे बोलता आलं ते सगळं बोलले. त्या कामावर माझं घर चालत होतं, पण नुसतं तेवढं नाही. आमच्या हातचं पोरांनी खाल्लं होतं, गावासमोर, खेटून बसून, आणि आता साहेबाच्या सहीनं असं ठरत होतं की ते खाणं चूक होतं. गोल त्यांनी ठेवला आणि त्याच्यातलं आमचं काढून घेतलं. तेवढ्यावर या माणसानं पेढे आणले.

सर खाली मान घालून म्हणाले, "केंद्र उपटलं तर गोल..."

"मले केंद्र-बिंद्र नोका सांगू. मले माझं पातेलं पायजे."

"मंग काय करता?"

"साहेब परवा परत येऊन राह्यला, नव्या बाईच्या हातचं चाखाले. आमी बाया शाळेच्या दारात बसतो. लागू द्या उन्ह लागेल तेवढं."

मला वाटलं होतं ते म्हणतील, मावशी, असं करू नका, मी साहेबांना समजावतो. ते म्हणाले, "दारात काऊन? मागची भिंत पडली हाय. जीप तिकून निघून जाईन. ओळ करून बसलं तर तिले दोन टोकं असतात मावशी. माणूस टोकावरून निसटते."

मग त्यांनी विचारलं, बाया किती येतील. मी म्हटलं, येतील तेवढ्या येतील. ते म्हणाले, चालेल, बाया कमी असल्या तर दोरी तेवढी आखूड करू.

ठरल्या दिवशी साहेब आले. जीप कडुनिंबाजवळ लावून हेडसरांच्या खोलीत चहाला गेले. आमच्या बाया भिंतीच्या सावलीत पालक सभेला आल्यासारख्या बसल्या होत्या. काहींच्या मांडीवर लेकरं. सरांनी जीपच्या टपावरच्या मधल्या दांड्याला दोरी बांधली आणि फक्की टाकत जीपभोवती फिरायला लागले. ड्रायव्हरनं काच खाली केली. "ये क्या कर रहे सर?"

"खेल का ग्राउंड है," सर म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच बघितलं, आणि तेही मला वाटतं त्यांच्या मते खोटं नव्हतं.

साहेब आणि अध्यक्ष बोलत बोलत बाहेर आले, फक्कीची रेघ ओलांडून जीपपाशी गेले. साहेबांनी दार उघडलं. आम्ही उठलो आणि रेघेवर जाऊन बसलो, मांडीला मांडी लावून. माझी जागा शाळेच्या बाजूला होती. शेजारी मी एक पातेलं ठेवलं होतं. सकाळी घरी रांधलेली खिचडी होती त्याच्यात.

साहेबांनी आधी हसून बघितलं. "क्या हुआ अम्मा? उठो, मेरी मीटिंग है."

मी म्हटलं, "खाना खाके जाओ साब. मेरे हाथ का चाखा नहीं तुमने. चाखे बिगर कैसा निकाला?"

साहेब म्हणाले, मैं खाके आया. मग म्हणाले, पेट ठीक नहीं. मग ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं जीप चालू केली, थोडी पुढं घेतली, समोर बाया. मागं घेतली, मागं बाया. बंद केली.

सर गोलाच्या बाहेरून फिरत होते आणि ओरडत होते, "कडुनिंबाकून चपटा होऊन राह्यला! त्या बाजूच्या बाया, भाईर सरका!" मी ओरडले, "सर, गप बसा हो!" पण त्या बाजूच्या बाया सरकल्या. आणि गोल झाला.

ऊन वाढलं. साहेब जीपमध्ये बसले. अध्यक्षाला बसवत नव्हतं. तो दोन बायांपाशी गेला. "ए, जागा द्या." त्या म्हणाल्या, "तिकून जा, अध्यक्ष." तो पुढच्यांकडं गेला. त्या म्हणाल्या, "तिकून जा ना." त्याला आमच्यापैकी कोणाला हात लावून बाजूला करायचं नव्हतं. लावला असता तर वाट झाली असती कदाचित. म्हणून तो आतून आतून पुढं जात राहिला. एकेकीनं त्याला पुढं दाखवलं. कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. सगळा फेरा मारून तो माझ्यापाशी आला. कपाळावर घाम, धोतराला फक्की.

"सरका थोडं," तो म्हणाला.

मी वर बघितलं.

त्यानं जीपकडं बघितलं. साहेब पायाकडं बघत होते.

"सरका थोडं, मावशी."

गावातल्या वरच्या आळीच्या मोठ्या माणसानं मला मावशी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते मनापासून नव्हतं. मला त्याचं मन नको होतं.

"उद्या स्वयंपाक कोनाचा?" मी विचारलं.

त्यानं धोतरावरची फक्की झटकली. मग म्हणाला, "तुमचाच."

"मोठ्यानं सांगा. सायबाले ऐकू जाऊ द्या. हिंदीत सांगा."

त्यानं सांगितलं. साहेबांनी हो म्हणून मान हलवली.

मी उठले नाही. फक्त एक गुडघा पोटाशी घेतला, एक माणूस आडवा होऊन निघेल एवढा. अध्यक्ष अंग चोरून तेवढ्यातून बाहेर पडला आणि मागं न बघता चालायला लागला.

"फट! फट बुजवा!" मागून सर ओरडले. "मावशी, गोल मोडून राह्यला!"

मी गुडघा पुन्हा पसरला आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. साहेब अजून आतच होते.